उतरलेलं वजन उतरलेलंच कसं ठेवायचं: टिफिनवाल्या काकूचा हिशेब

मी इंदूरला सुदामा नगरात राहते आणि भंवरकुआंकडे राहून परीक्षांची तयारी करणाऱ्या बावीस मुलांचे दोन वेळचे टिफिन करते. म्हणजे पहाटे साडेचारपासून रात्री आठपर्यंत माझा हात कणकेत नाहीतर फोडणीत. अशा बाईने वजनावर बोलावं, याचं माझ्या धाकट्या जावेला अजून हसू येतं. येऊ दे. माझी उंची १५५ सेंटिमीटर. पाच वर्षांपूर्वी वजन ७८ किलो होतं, सव्वा वर्षात ६६ झालं आणि गेली साडेतीन वर्षं जवळजवळ कायम ६६ ते ६८ च्या आत आहे.

त्याआधी एकदा चांगली तोंडावर आपटले होते. भाच्याचं लग्न होतं म्हणून एका डाएट प्लॅनवाल्याकडे पैसे भरले. सकाळी पावडर, रात्री सूप, मधे काकडी. अडीच महिन्यांत ९ किलो गेले. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं, पैठणीवरचं ब्लाऊज दोन्हीकडून आत घेतलं होतं. पुढच्या आठ महिन्यांत ११ किलो परत आले आणि तेच ब्लाऊज उसवत बसले.

दोष नुसत्या जिभेचा नव्हता. पहिल्या दोन आठवड्यांत काटा भराभर उतरतो ते बरंचसं पाणी असतं. शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, तो स्वतःच्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी धरून बसतो. खाणं तोडलं की साठा संपतो आणि पाणीही जातं. पुढे प्रोटीन पोटात नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आणि वजन उतरलेलं शरीर कमी खर्चात भागवायला शिकतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं. हे वर्ष उलटलं तरी चालू राहतं. म्हणून दुसऱ्या वेळी मी एकच अट घातली: जे मला सत्तराव्या वर्षीही करता येणार नाही, ते आजही करायचं नाही. पावडर बाद, सूप बाद. सराफा, म्हणजे आमच्या इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, बाद नाही.

सुरुवात एका डब्यापासून

काय सोडायचं याची यादी करायच्या आधी एक दिवस हे करून बघा. स्टीलचा एक रिकामा डबा ओट्यावर ठेवा. जेवण, नाश्ता, चहा नेहमीसारखा घ्या. पण त्याव्यतिरिक्त जे जे तोंडात जाणार असेल ते तोंडात न घालता त्या डब्यात टाका.

मी गुरुवारी केलं. सकाळी आमटीची चव म्हणून अर्धी पळी, ती डब्यात. भाजीत मीठ बघायला बटाट्याच्या दोन फोडी. तव्यावर फाटलेला फुलका, जो टिफिनमध्ये देता येत नाही. दाणे भाजताना चिमूट चिमूट करून मूठभर दाणे. मुलांना बुधवारी दिलेल्या बेसन लाडूंतला फुटलेला अर्धा. दुपारी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ताटात उरलेला दोन घास भात, कारण अन्न टाकवत नाही. संध्याकाळी सेवेच्या, म्हणजे शेवेच्या, डब्यात हात गेला तो चार वेळा. रात्री आठला डबा काट्यावर ठेवला: ३८० ग्रॅम. एका टिफिनमध्ये भाजी, फुलके आणि वरण मिळून जवळपास तेवढंच भरतं. मी रोज एक टिफिन जास्त खात होते आणि शपथेवर सांगत होते की मी तर काहीच खात नाही.

तेव्हापासून चव चहाच्या चमच्याच्या टोकाने घेते. फाटके फुलके गायीला. आईंना आधी कमी वाढायचं आणि मग पुन्हा विचारायचं, म्हणजे ताटात उरत नाही. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्याच, "अगं, अन्न असं हात आखडून वाढतात का? पाहुणी आहे का मी?" मी म्हटलं, "आई, तुम्ही मागा, मी दहा वेळा वाढते." आता त्यांचं मागणं ठरलेलं आहे, बहुतेक भात.

तुमचा डबा कदाचित ऑफिसातल्या बिस्किटांनी भरेल, कदाचित मुलाच्या उष्ट्या मॅगीने. तो भरल्याशिवाय तुमचं कुठे चुकतंय ते तुम्हालाही कळणार नाही.

तेलाच्या कॅनवरची रेघ

माझं सगळ्यात जास्त वजन कशाने उतरलं असेल तर याने. टिफिनचं तेल वेगळं, १५ किलोच्या डब्यातलं. घरच्या तिघांसाठी, म्हणजे मी, हे आणि आई, ५ लिटरचा कॅन महिनाभर जायचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच लिटरला तीन माणसं आणि तीस दिवसांनी भागलं तर माणशी रोज ५० ग्रॅम. एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, म्हणजे साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या, तूप आणि दाण्याचं कूट वेगळंच. माणशी २० ते ३० ग्रॅम पुरे असतं. २५ धरलं तर तिघांना महिन्याला सव्वादोन किलो, म्हणजे अडीच लिटर. बरोबर अर्धा कॅन.

मी कॅनच्या अर्ध्यावर काळ्या मार्करने रेघ मारली आणि वरच्या भागाचे चार आठवडे पाडले. पहिल्या महिन्यात १७ तारखेलाच तेल रेघेला टेकलं. तेव्हा कळलं की चुकतंय ते पदार्थात कमी आणि पळीत जास्त. कॅनमधून थेट कढईत ओतलं की अंदाज कधीच खाली जात नाही, वरच जातो. आता तेलाच्या छोट्या बरणीत चहाचा चमचा असतो. तिघांच्या भाजीला तीन चमचे, वरणाच्या फोडणीला एक. कोरड्या भाजीला ताट झाकून ताटावर पाणी ठेवायचं, भाजी वाफेवर शिजते, खाली लागत नाही. ही माझ्या आजीची पद्धत. नॉनस्टिक घ्यायची गरजच पडली नाही. गिलकी, म्हणजे पुण्याकडची घोसाळी, तर एका चमच्यात होते, ती स्वतःच इतकं पाणी सोडते.

दुसरी चोरवाट म्हणजे तळण्याचं उरलेलं तेल. रविवारी भजी झाली की कढईत पाव लिटर उरतं, ते संपवायचं म्हणून सोमवारी पराठे, मंगळवारी पुऱ्या. म्हणून आता तळायचं तर लहान लोखंडी कढईत, चार-चार भजी. वेळ लागतो. लागू दे, भजीही कमी खाल्ली जातात.

दाण्याच्या कुटाकडे आपलं लक्ष नसतं. दाण्यांचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. दाणे चांगलेच, पण मुठीने घातलं तर ते तेलच घातल्यासारखं. मी सपाट चमचे मोजते.

साखरेचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ च्या. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तिघांचे महिन्याला पुन्हा सव्वादोन किलोच होतात, हिशेब लक्षात ठेवायला सोपा. मी पाच कप चहा घ्यायचे, दोन-दोन चमचे घालून. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेले. एकदम बंद केला असता तर आठव्या दिवशी जलेबीवर तुटून पडले असते.

ताटाची डावी बाजू

आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी. कोशिंबीर बोटभर वाढायची, जणू शास्त्रापुरती. मी डावी बाजू वाढवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही निम्मं ताट भाज्या आणि फळांचं दाखवलं आहे, पण मला ते ताट वाढण्याच्या भाषेतच जमलं: कोशिंबिरीला वाटी, चमचा नाही. काकडी, मुळा, गाजर, कोबी, बीट, जे स्वस्त असेल ते, दह्यात. ताटावर बसलं की पहिली ती वाटी संपवायची, पोळीला हात नंतर.

पोळ्यांचं वजन एकदा करून बघा. मुलांसाठी मी ३० ग्रॅम पिठाचा फुलका लाटते, सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून काट्यावर मोजून हात बसवलाय. एक फुलका म्हणजे साधारण १०० कॅलरी. घरी मात्र घडीची पोळी, ४५-५० ग्रॅम पिठाची आणि घडीत तेल. "मी दोनच पोळ्या खाते" म्हणत मी चार फुलक्यांचं खात होते. आता दोन फुलके किंवा एक फुलका आणि वाटीभर भात. भात सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. आमच्या घरात भात सोडायला सांगणाऱ्या माणसाला आई दारात उभं करणार नाहीत.

खरं दुखणं वरणाचं आहे. टिफिनच्या धंद्यात वरण पातळ करण्याचा मोह कुणाला होत नाही, आणि घरात तर ते सवयीनेच पातळ असतं. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ ग्रॅम प्रोटीन असतं. आमच्या वाटीत जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ यायची. भारतीय माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६६ किलोच्या मला ५५ ग्रॅम. ते मी असं जमवते: दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, दोन्ही मिळून १४ ग्रॅम, दिवसभरात दोनशे ग्रॅम दही, ७, चार फुलक्यांचे साधारण १२, पन्नास ग्रॅम पनीर, ९, मूठभर भाजलेले चणे, ६, आणि चहात जाणारं दूध, ५. कसेबसे ५३ होतात, आकड्याच्या जवळपास. अंडी खाणाऱ्यांचं बरंय, एका अंड्यात सहा. हे एवढं सांगायचं कारण, प्रोटीन पोटात असलं की दुपारी चारला सेवेचा डबा हाक मारत नाही. किडनीचं दुखणं असेल त्यांनी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

पोहे, उपवास आणि सराफा

इंदूरचे पोहे बिचारे उगाच बदनाम आहेत. ते वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचं, बडीशेप घातलेली. वजन वाढवते ती वरची सेव आणि शेजारची जलेबी. सेवेच्या पाकिटामागे बघा, शंभर ग्रॅमला फॅट तीस ग्रॅमच्या वरच लिहिलेलं असतं. घरी मी माणशी ४० ग्रॅम कोरडे पोहे घेते, तेवढ्याच वजनाचे मटार, मोसम नसेल तर मोड आलेले मूग. कांदा, लिंबू, जीरावन मसाला सढळ. सेव चहाचा एक चमचा, सगळ्यात शेवटी, म्हणजे कुरकुरीत राहते आणि दिसतेही. तळाशी घातलेली सेव मऊ पडते आणि माणूस पुन्हा मागतो. जलेबी महिन्यातून एका रविवारी, गरम, दुकानात उभं राहून. घरी पाव किलो बांधून आणली की संपली.

उपवासाला मी महिन्याला तीनदा बळी पडायचे, दोन एकादश्या आणि चतुर्थी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, वर बटाट्याचा चिवडा. उपवासाच्या दिवशी मी इतर दिवसांपेक्षा जास्त खात होते, देवाला ठाऊक होतं. आता मोरधन (भगर), काकडीचं दह्यातलं रायतं आणि एक पेरू. साबुदाण्याची खिचडी खायची असते तेव्हा ती साध्या मंगळवारी, छोट्या वाटीत, उपवासाचं नाव न घेता खाते.

दाल-बाफले, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तर तुपात बुडवल्याशिवाय खाऊच नयेत असं माझं मत आहे. म्हणून वर्षातून तीनदा खाते, नीट बुडवून.

सराफ्याचं असं की पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की जावंच लागतं. दागिन्यांची दुकानं बंद होतात, मग ठेले लागतात, आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. उपाशी जाणं ही पहिली चूक. मी घरी साडेसातला कोशिंबीर, वरण आणि एक फुलका खाऊन निघते. तिथे दोनच वस्तू, एक तिखट एक गोड, आणि दोन्ही दोघांत एक. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, घेतला तर भुट्ट्याचा कीस नाही. हवेत उडवून दाखवतात तो दहीवडा घेतला तर मावा बाटी पुढच्या पाहुण्यांसोबत. दुसऱ्या दिवशी उपास नाही, प्रायश्चित्त नाही, सकाळी नेहमीचे पोहे. पूर्वी एकदा सराफ्याच्या दुसऱ्या दिवशी उपाशी राहिले होते तेव्हा संध्याकाळी पाच वाजता आख्खी खोबऱ्याची वडी ताटलीसकट संपवली होती.

काटा अडकतो तेव्हा

आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर खुशाल खूश राहा. माझं तेवढंही नव्हतं, पाचव्या महिन्यात ७० वर अडकले ती सात आठवडे. रडकुंडीला आले. दोन कारणं होती. एक, आठ किलोने हलक्या शरीराला कमी अन्न पुरतं हे मी विसरले होते. दुसरं, माप ढिलं पडलं होतं. सपाट चमच्याचे शीगभरून चमचे झाले होते, आणि तेलाचा कॅन मी दोन महिने बघितलाच नव्हता. मी काय केलं, तर दोन महिने उतरवायचा नाद सोडला आणि ७० वरच टिकून राहायचा सराव केला. लोकांना हे पटत नाही, पण पुढचं आयुष्य टिकवण्याचंच आहे तर त्याची तालीम मधेच का होऊ नये? मग मापं पुन्हा कसली आणि उरलेले चार सावकाश गेले.

आता एक अपघात सांगते, तो नक्की वाचा. माझं बघून ह्यांनीही जेवण निम्मं केलं. ह्यांना शुगर आहे, गोळ्या चालू. चौथ्या दिवशी दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. यंत्रावर साखर ६२ पर्यंत उतरलेली. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग जेवायला वाढलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि आम्हा दोघांना फैलावर घेतलं. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेत असाल तर ताट कमी करण्याआधी डॉक्टरकडे जा, नंतर नाही. वजन विनाकारण वाढत असेल तर थायरॉइडही तपासून घ्या.

शनिवारचा काटा

टिकवण्यासाठी मी करते ते इतकंच. दर शनिवारी सकाळी, चहाच्या आधी, वजन करते आणि दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर त्याच चौकोनात लिहिते. रोज नाही करत. लोणचं-पापड जास्त झाला तरी पाणी धरून काटा किलोभर वर दिसतो आणि उगाच जीव खाली-वर होतो. ६८ ही लाल रेघ. ती ओलांडली की काही नवीन करायचं नाही, कॅन, चमचा आणि डबा या तिन्ही गोष्टी परत सुरू.

चालणं उतरवण्यापेक्षा टिकवण्याला जास्त कामी येतं, असा माझा अनुभव. संध्याकाळचे टिफिन गेले की फुटी कोठीहून रणजीत हनुमानापर्यंत, दर्शन धरून जाऊन-येऊन पाऊण तास. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही चालते, ज्यांनी निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवले. त्यांतले बहुतेक नाश्ता चुकवत नाहीत, आठवड्याला निदान एकदा वजन करतात आणि दिवसाला तासभर हालचाल करतात. माझे बाराच उतरले, मला तिथे कुणी घेणार नाही.

आणि चार्टप्रमाणे मी अजून जाडच आहे. बीएमआय साडेसत्तावीस, आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठ म्हणतात. कंबर ९८ सेंटिमीटरची ८७ झाली, बायकांची ८० च्या आत हवी. पण वजनाचे पाच-दहा टक्के गेले तरी बीपी आणि शुगरला फरक पडतो, आणि माझे पंधरा टक्के गेलेत. दुसऱ्या मजल्यावर गॅसची टाकी चढवताना मला ते कळतं.

यंदा जूनमध्ये काटा ६८.४ वर गेला होता. आमरस, आणि सोबत लेकाच्या सुट्टीच्या पुऱ्या. लेक पुण्याला परत गेला त्या शनिवारी मी स्टीलचा डबा पुन्हा ओट्यावर ठेवला. रात्री उघडला तर त्यात आंब्याच्या चार कोयी निघाल्या, आईंनी मुद्दाम टाकलेल्या. "तू चोखल्या असत्यास," म्हणाल्या. खरंच चोखल्या असत्या. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी ६६.९ होतं.